मुलाला समुपदेशकाकडे न्यायचंय? पहिल्या फोनपासून सहाव्या भेटीपर्यंतचा क्रम

नाशिकमधल्या बहुतेक घरांत हे असं घडतं. ओळखीतून एक नंबर मिळतो, शनिवारची वेळ ठरते. मुलाला 'कॉलेज रोडला जरा काम आहे' म्हणून गाडीवर बसवलं जातं. आत गेल्यावर त्याच्यासमोरच त्याच्या सगळ्या तक्रारींची यादी वाचली जाते आणि परतीच्या वाटेवर गंगापूर नाका यायच्या आत प्रश्न येतो, "काय विचारलं मॅडमनी? तू काय सांगितलंस?" दुसऱ्या भेटीला मूल येत नाही. मग घरात ठरतं, 'काउन्सेलिंगने काही फरक पडला नाही.' उपचार सुरूसुद्धा झालेला नसतो.

खालचा क्रम साधारण ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिला टप्पा मात्र वय न बघता सगळ्यांनी करावा.

## टप्पा १ : आज रात्रीच काही करायची गरज आहे का?

मरणाबद्दल बोलणं, चिठ्ठी लिहिणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, हातावर किंवा मांडीवर कापल्याच्या खुणा, दोन-तीन दिवस जवळपास न जेवणं-न झोपणं, कोणी नसताना आवाज ऐकू येणं. यातलं काहीही दिसत असेल तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा.

सरळ विचारा. "जगू नये असं मनात येतं का?" विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. उत्तर 'हो' आलं तर पुढचा प्रश्न : "कसं करायचं, याचाही विचार केलास का?" मुलाने पद्धत ठरवली असेल तर त्याला क्षणभरही एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही सुरू असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस मदतीसाठी ११२. बोलायला तज्ज्ञ हवा असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. तो फक्त आत्महत्येच्या विचारांसाठी आहे असा गैरसमज आहे. मुलगी दहा दिवस खोलीबाहेर येत नाही, एवढ्यासाठीही आई-वडील तिथे फोन करू शकतात.

आता घरातल्या वस्तू. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या घरांत फवारणीच्या विषालाही 'औषध'च म्हणतात, आणि ते पडवीत किंवा मोटारीच्या खोलीत उघड्यावर असतं. पेटी करा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवा. 'त्याला माहीत नाही कुठे ठेवलंय' ही समजूत धरू नका, शेतातल्या पोराला सगळं माहीत असतं. शहरातल्या घरात आजीच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या, उंदराचं औषध, फिनेल यांचं तेच करा.

> धोका : मुलाने काही प्यायलं किंवा गोळ्या घेतल्या असतील तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन रुग्णालयात पळा. 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबू नका; काही विषांचा आणि गोळ्यांचा खरा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

## टप्पा २ : दोन आठवड्यांची वही

'हट्टी झालाय', 'अभ्यासात लक्ष नाही', 'मोबाइल, मोबाइल आणि मोबाइल'. हे तुमचं मत झालं. यावरून समुपदेशकाला काहीच कळत नाही. त्याला काय घडलं, कधी, किती वेळ आणि त्याआधी-नंतर काय, हे लागतं. एक शंभर पानी वही घ्या आणि दिवसाला चार-पाच ओळी लिहा. चांगली नोंद अशी दिसते :

*सोमवार, सकाळी ६.४०. युनिफॉर्म घालताना पोट दुखतं म्हणाला. २० मिनिटं बाथरूममध्ये. रिक्षावाले काका हॉर्न वाजवून निघून गेले. आई ओरडली, मग बाबांनी 'राहू दे आज' म्हटलं. ७.३० ला दुखणं थांबलं, दोन वाट्या पोहे खाल्ले, टीव्ही लावला. काल रविवारी दुखलं नव्हतं.*

या सहा ओळींत निम्मं निदान आहे. पोट खरंच दुखत होतं (भीतीने खरंच दुखतं, ते नाटक नसतं), रविवारी दुखत नाही, रिक्षा गेल्यावर थांबतं आणि घरी राहिल्यावर टीव्ही मिळतो. सगळ्यांत जास्त राहून जाणारी ओळ म्हणजे मोठ्यांनी काय केलं. ती लिहायला अवघड जाते, म्हणूनच ती आठवणीने लिहा.

रोज नोंदायच्या गोष्टी : झोपायची आणि उठायची खरी वेळ, जेवण, शाळा किंवा क्लास झाला का, भांडण किंवा रडणं किती मिनिटं चाललं. आणि दिवसात एकदा तरी मूल कशात रमलं, तेही. फक्त वाईटाची वही मुलाचं निम्मंच चित्र दाखवते.

वही मुलासमोर उघडू नका. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

> तपासा : दहा नोंदी वाचून 'हे बहुतेक अमुक वेळी किंवा अमुक ठिकाणी होतं' असं एक वाक्य लिहिता येतंय का? येत नसेल तर नोंदी अजून मोघम आहेत.

## टप्पा ३ : आधी शरीर

वही सुरू असतानाच बालरोगतज्ज्ञांकडे एकदा जाऊन या. डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून वर्षभर बोलणी खातं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघा, कारण दोन्हींच्या बिघाडात मरगळ आणि चिडचिड असते. घोरणं आणि तोंड उघडं ठेवून झोपणं असेल तर टॉन्सिल-ॲडिनॉइडबद्दल विचारा, रात्रीची झोप तुटत असेल तर दिवसा मूल चंचल होतं. बोलता बोलता काही सेकंद शून्यात बघून पुन्हा काहीच न झाल्यासारखं बोलू लागत असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. तो फीटचा प्रकार असू शकतो.

सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावा.

## टप्पा ४ : कोणाकडे

पाट्या सारख्या दिसतात, कामं वेगळी असतात.

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांपैकी औषध तेच लिहू शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एम.ए. केलेले असतात, परीक्षेचा ताण, मैत्रीतले पेच, घरातले वाद यांसाठी चांगला समुपदेशक पुरतो. अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणितात मुलाला कायम येणाऱ्या अडचणीच्या) प्रमाणपत्रासाठी मात्र खासगी रिपोर्ट पुरत नाही, त्यासाठी सरकारने ठरवून दिलेल्या रुग्णालयाचा कागद लागतो. दहावीच्या सवलती हव्या असतील तर आठवीतच हालचाल करा. दहावीच्या दिवाळीत धावाधाव करणारे दरवर्षी दिसतात.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आदल्या दिवशी विचारा आणि मुलाचा डबा-पाणी सोबत ठेवा. दोन तास भुकेल्या पोटी बसलेलं मूल आत जाऊन काही बोलत नाही. तालुक्याच्या ठिकाणी १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक विचारा.

खासगी ठिकाणी फोनवर हे विचारायला लाजू नका :

- या वयाच्या मुलांसोबत नेहमी काम करता का?
- शिक्षण काय, नोंदणी क्रमांक आहे का?
- पहिली भेट आधी आई-वडिलांची घेता का?
- आढावा किती भेटींनी घेता?
- मध्येच निकड आली तर काय करायचं?
- फी किती, आणि भेट रद्द केली तर?

> इथून परत फिरा : फोनवरच निदान सांगणारे, 'तीन सेशनमध्ये मूल बदलून देतो' म्हणणारे, आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता व करिअर सांगणारे. ठशांच्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, रिपोर्टचं पुस्तक कितीही गुळगुळीत कागदावर असो.

वेळ ठरवताना घराचं वेळापत्रक समोर ठेवा. सातपूर-अंबडला शिफ्ट ड्युटी असेल तर निदान पहिली आणि सहावी भेट बाबांच्या सुट्टीला बांधा. घरात बाग असेल तर ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी आधीच सांगा. नेमक्या त्या काळात भेटी तुटतात, आणि काढणीच्या दिवसांतच दहावी-बारावीच्या परीक्षाही येतात. फोनवरून भेट चालेल का ते तेव्हाच ठरवून घ्या.

## टप्पा ५ : मुलाला सांगणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. फसवून नेलं तर मूल आत जाऊन गप्प बसतं, आणि दोष समुपदेशकावर येतो.

कधी सांगायचं? लहान मुलाला आदल्या दिवशी. आठवडाभर आधी सांगितलं तर ते आठवडाभर घाबरतं. बारा-तेराच्या पुढे तीन-चार दिवस आधी, आणि वेळ ठरवण्यापूर्वी. भांडणाच्या भरात कधीच नाही. "आता तुला डॉक्टरकडेच नेते, थांब" हे एक वाक्य पुढचे दोन महिने खातं.

५ ते ८ वर्षं : "उद्या आपण एका ताईंकडे जाणार. त्या मुलांशी खेळतात, चित्रं काढतात, आणि भीती वाटते तेव्हा काय करायचं ते शिकवतात. सुई नाही, औषध नाही. मी बाहेरच्या खुर्चीवर बसलेली असेन." शेवटचं वाक्य पाळा. मध्येच भाजी आणायला जाऊ नका.

९ ते १२ : "रोज सकाळी तुझं पोट दुखतं, आणि ते खोटं नाही हे मला माहीत आहे. मी ओरडते, त्याने काही होत नाही. मलाही शिकायचंय, म्हणून आपण दोघं जाऊ."

१३ च्या पुढे : "गेला महिनाभर तू झोपत नाहीस हे मी बघतोय. मला काळजी वाटते. एका सरांशी बोलून बघशील? तीन वेळा जा. नाही पटलं तर दुसरं कोणीतरी बघू. तू तिथे काय बोललास ते मी विचारणार नाही."

तीन भेटींचा करार मुलांना पटतो, कारण त्याला शेवट असतो. तरीही नकार आला तर उचलून नेऊ नका; आई-वडिलांनीच भेटी सुरू कराव्यात. मोठ्यांचं वागणं बदललं की कित्येकदा मूल महिन्याभरात स्वतःहून येतं.

आजी-आजोबांना काय सांगायचं तेही आधी ठरवा. दृष्ट काढायची असेल तर आजीला काढू द्या, त्यावरून युद्ध नको. पण "शहाण्याला कशाला लागतो वेड्यांचा डॉक्टर?" हे वाक्य मुलाच्या कानावर जाणार नाही, एवढं आजीकडून कबूल करून घ्या. काका-मामांना सांगायची गरजच नाही.

## टप्पा ६ : पहिली भेट

मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर पहिली भेट शक्यतो आई-वडिलांनी एकट्यांनी करावी. सोबत वही, फाइल, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि चालू औषधांची यादी. गर्भारपण, बाळंतपण, बोलणं-चालणं कधी सुरू झालं, घरात कोणाला असा त्रास होता का, हे विचारलं जातं. आईला तारखा आठवत नसतील तर आदल्या दिवशी बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढून ठेवा. घरात दारू, मारहाण, कर्ज, घटस्फोटाची बोलणी असतील तर सांगून टाका. ते झाकलं की समुपदेशक चुकीच्या जागी सहा महिने शोधत बसतो.

मुलाची भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते. लहान मुलांत ती खेळणी, माती, चित्रं, बाहुल्यांचं घर यांतून चालते, म्हणून 'नुसतं खेळवून घेतात' अशी तक्रार करू नका. सात वर्षांचं मूल बाहुल्यांच्या घरात कोणाला कुठे झोपवतं, यातून तुम्ही विचारूनही न मिळालेलं उत्तर मिळतं.

गोपनीयतेची हद्द पहिल्याच दिवशी, मुलासमोर, विचारून घ्या. सर्वसाधारणपणे मूल जे बोलतं ते आतच राहतं. जीवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करत असेल तर ते राहत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही आणि तुम्हालाही. मुलाने तुम्हालाच असं काही सांगितलं तर शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, व्हिडिओ काढू नका, कपडे धुऊ नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

> तपासा : बाहेर पडताना तीन गोष्टी कळल्या का? त्यांना काय वाटतंय (अंदाज का होईना), पुढच्या भेटीपर्यंत घरी काय करायचं, पुढची तारीख.

## टप्पा ७ : परतीची वाट

"काय बोललास?" विचारायचं नाही. "रडलीस का?" नाही. "माझ्याबद्दल काही सांगितलंस का?" हे तर अजिबात नाही, आणि नेमकं हेच तोंडावर येतं. "भूक लागली का?" हे चालतं. मिसळ खा, उसाचा रस प्या, घरी जा. मुलाला बोलायचंच असेल तर ते स्वयंपाकघरात, तुमची पाठ असताना, पोळ्या होईपर्यंत बोलेल. ऐका आणि तवा बघत राहा.

दर भेटीनंतर समुपदेशकाला "आज काय म्हणाली ती?" असा मेसेजही नको. पालकांसाठी वेगळी वेळ मागून घ्या.

## टप्पा ८ : दुसरी ते पाचवी भेट

काम आठवड्यातल्या बाकीच्या सहा दिवसांत होतं. शाळेला न जाणाऱ्या मुलाचंच उदाहरण घेऊ, कारण जून आणि दिवाळीनंतर याच तक्रारी जास्त येतात. समुपदेशक बहुधा पायऱ्या पाडून देईल :

1. रात्री दप्तर भरून दाराशी ठेवणं, सकाळी ठरल्या वेळी उठून युनिफॉर्म घालणं. शाळा नाही.
2. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन दहा मिनिटं उभं राहणं.
3. शाळा सुटल्यावर वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसणं, वर्गशिक्षिकेला भेटणं.
4. एकच तास, तोही आवडत्या विषयाचा.
5. मधल्या सुट्टीपर्यंत.
6. पूर्ण दिवस.

प्रत्येक पायरीवर मुलाने भीतीला ० ते १० पैकी गुण द्यायचे. ती निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी, रोज. नेहमीची चूक अशी : दुसरी पायरी जमली की बाबा उत्साहाने म्हणतात, "आलाच आहेस तर आत जा की!" आणि पुढचे दहा दिवस मूल रिक्षाच्या आवाजालाही घाबरतं. दुसरी चूक म्हणजे फाटकावर रडू आलं की लगेच घरी आणणं. भीती चढते, टिकते आणि मग उतरते. उतरण्याआधी उचलून आणलं तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच मूल शिकतं. तिथेच थांबा, कमी बोला, उतरू द्या.

घरी राहिलेला दिवस कंटाळवाणा असू द्या. शाळेच्या वेळेत टीव्ही नाही, मोबाइल नाही, आजीच्या हातचा खास शिरा नाही. ही शिक्षा नाही हे एकदा सांगा, रोज नको.

वर्गशिक्षिकेशी आधी बोला : मूल उशिरा येईल, सगळ्यांसमोर विचारू नका, गृहपाठाचा ढीग एकदम देऊ नका. निदानाचं नाव सांगायलाच हवं असं नाही. पण कोणी चिडवतं, मारतं, किंवा शिक्षकांचीच भीती असेल तर पायऱ्या थांबवा आणि आधी ते मिटवा. खऱ्या धोक्याची सवय लावायची नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चिडचिड वाढलेली दिसू शकते. हट्ट मोडायच्या सुमाराला हट्ट वाढतोच. पालक सोडतात ते नेमके इथे.

औषध लिहून दिलं असेल तर : नैराश्य आणि चिंतेच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढणं, झोप उडणं, मरणाचे विचार दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळ्या मोठ्यांच्या हातातून द्या, पट्टी मुलाच्या खोलीत नको. आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती हळूहळू उतरवावी लागतात.

## टप्पा ९ : सहावी भेट, आढावा

टप्पा २ ची वही पुन्हा काढा. पहिली दहा पानं आणि गेल्या आठवड्याची पानं शेजारी ठेवा. पोटदुखी पाचऐवजी दोन दिवस, रडणं चाळीस मिनिटांऐवजी पंधरा, असं आकड्यांत बघा. 'तसा काही फारसा फरक नाही' म्हणणारे बाबा ही पानं बघून बऱ्याचदा गप्प होतात.

फरक नसेल तर समुपदेशकाला विचारा : निदान पुन्हा बघायचं का? पद्धत बदलायची का? मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायचं का? घरी दिलेलं काम आम्ही खरंच केलं का? या प्रश्नांचा राग येणारा समुपदेशक बदलायला हरकत नाही. पण बदलताना शेवटची एक भेट घ्या, रिपोर्ट मागून घ्या आणि मुलाला निरोप घेऊ द्या. न सांगता बंद झालं की मुलाला वाटतं, आपण काहीतरी चुकीचं बोललो म्हणून ताई गेल्या.

फरक असेल तरी लगेच थांबू नका. चिंता आणि नैराश्यासाठी विचार व वर्तनावर काम करणाऱ्या थेरपीच्या साधारण १२ ते १६ भेटी धरतात. शेवटच्या भेटी आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने अशा लांबवा. शेवटची तारीख मुलाला दोन भेटी आधी सांगा, आणि पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात एक वेळ आत्ताच मागून ठेवा.